शाफ्ट बदलला आणि जिप्सी थरथरायला लागली

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. माझी जुनी जिप्सी आहे, कणकुंबीकडे काजूच्या बागेत ये-जा करायला वापरतो. पावसाळ्यात ओढ्यातल्या दगडावर आपटून मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट चेपला, म्हणून जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला. त्याच वेळी मागच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं, पाटा चॅसीला टांगणारे शॅकलही लांब घातले. आता ६० च्या पुढे मागच्या सीटखाली थरथर सुरू होते, ७५ ला आरशात काही धड दिसत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की बरीच कमी होते. चाकांचं बॅलन्सिंग केलं, फरक नाही. मेकॅनिक म्हणतो शाफ्ट वाकडा आहे, आणखी एक घ्या. घेऊ का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : इतक्यात घेऊ नका. तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट शाफ्ट नव्हे, ‘ॲक्सिलरेटर सोडला की कमी होते’ हे वाक्य आहे. शाफ्ट वाकडा असेल किंवा त्याचं बॅलन्स गेलं असेल, तर थरथर वेगाच्या मागे जाते. पाय दाबा की सोडा, त्या वेगाला ती असतेच. जोर दिल्यावर वाढणारी थरथर बहुतेक वेळा क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याच्या, कोनाकडे बोट दाखवते. आणि तुम्ही शाफ्टसोबत पाटे आणि शॅकलही बदललेत.

आधी फुकटची तपासणी. गाडी सपाट जागी लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि खाली झोपून शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे, बघा. दोन्ही योकचे कान एकाच रेषेत हवेत. एका टोकाचे कान आडवे असताना दुसऱ्याचे उभे किंवा तिरके दिसले, तर स्प्लाइन, म्हणजे शाफ्टचे दोन तुकडे जोडणारी दात्यांची जोडणी, चुकीच्या दातावर बसली आहे. जुन्या बाजारातल्या शाफ्टला हे फार होतं, कारण दोन तुकडे वेगळे करताना कोणी खूण करत नाही. कोनात चालणारा क्रॉस शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात त्याला दोनदा पुढे ओढतो, दोनदा मागे. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते हिसके मोडून काढतो, पण कान एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. हे एवढं समजलं तर अर्धा खर्च वाचतो, म्हणून मी ते प्रत्येकाला गाडीखाली नेऊन दाखवतो.

तिथेच असताना दोन्ही क्रॉस हाताने हलवून बघा. खडखड नको, तसाच ताठरपणाही नको. हातोड्याने क्रॉसच्या बेअरिंगचा कप ठोकून बसवला की क्रॉस जाम होतो, बेअरिंगची एखादी सुईही आत आडवी पडते. शाफ्ट बोल्टने जिथे जोडतात त्या चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या, तोंडावर गंज किंवा रंगाचा थर असेल तर शाफ्ट मध्यावर बसत नाही. घासून स्वच्छ करा.

कान बरोबर निघाले तर मग कोन. मागच्या एक्सलचं हाउसिंग पाट्यावर बसलेलं असतं. शॅकल लांब केला की पाटा कलतो, त्याच्यासोबत हाउसिंगही फिरतं आणि पिनियनचं, म्हणजे शाफ्टला जोडलेल्या एक्सलच्या छोट्या गिअरचं, तोंड मूळच्या कोनात राहत नाही. जोर दिला की पिनियन आणखी वर उचलला जातो, म्हणून पाय दाबल्यावर थरथर वाढते. मोबाइलमधल्या लेव्हलने तीन कोन मोजा : ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीची) फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनची फ्लँज. गाडी जॅकवर नको, चाकं जमिनीवर आणि रोजचं वजन आत. दोन्ही फ्लँजच्या कोनात एक अंशाहून जास्त फरक असेल तर दोष तिथे आहे. पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून तो काढता येतो; बेळगावच्या उद्यमबागेतला कुठलाही बरा लेथवाला पाचर करून देईल. पाट्याचा मधला बोल्ट त्या मानाने लांब घ्या, आणि थोडं चालवून झालं की पाटा हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा.

तरीही शंका राहिली तर मागचा शाफ्ट काढा, पुढची चाकं त्यांच्या एक्सलला जोडणारे हब लॉक करा आणि फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या वरच्या गिअरमध्ये, फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालवा. शाफ्ट काढण्याआधी चाकांना दगड लावायला विसरू नका, कारण तो निघाला की गिअर मागच्या चाकांना धरत नाही. थरथर गेली तर दोष मागच्या बाजूला. राहिली तर ट्रान्सफर केसची रबरी माउंटिंगं बघा. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते, रबर दबलं की तिचाही कोन बदलतो. या चाचणीला चोर्ला घाट चालत नाही, तिथे वेग एकसारखा राहत नाही. संकेश्वरकडचा महामार्ग घ्या आणि कडेच्या लेनमधून ७० ला स्थिर चालवा.

मागचा शाफ्ट जागेवर असतानाच, वेग स्थिर ठेवून मोबाइलवर कंपन मोजणारं ॲपही लावा. साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचा टायर आणि एक्सलचं गुणोत्तर ४ धरलं, तर ७० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास ९ फेरे घेतं आणि शाफ्ट ३५. ॲपवर ३५ च्या आसपास उंच रेघ आली तर बॅलन्स किंवा वाकडेपणा, आणि मग तुमचा मेकॅनिक बरोबर. फेऱ्यात दोन हिसके म्हणून दुप्पट, म्हणजे सेकंदाला ७० च्या आसपास आली तर कोन किंवा कान.

हे असंच चालवत राहू मात्र नका. पिनियनचं बेअरिंग आणि ऑइल सील आधी जातात, आणि क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली येतो. तोवर ५० च्या आत ठेवा. तिन्ही कोन मोजून कळवा, कोणता फ्लँजचा आणि कोणता शाफ्टचा हे नीट लिहा, पाचर किती अंशाची आणि तिची जाड बाजू पुढे की मागे ते पुढच्या अंकात सांगतो.