पडलेल्या झाडाचे वाडगे आणि तडे

प्रश्न: वादळात पडलेल्या झाडाचे ओंडके मिळाले, लेथवर दोन वाडगे कातले, छान गुळगुळीत पण झाले, पण आठवड्याभरात दोन्हींना बुडापासून काठापर्यंत चीर गेली. लाकूडच खराब होतं का?

उत्तर: लाकडाला कशाला दोष देता, ते ओलं होतं एवढंच. लाकूड वाळताना आकसतं आणि सगळीकडून सारखं आकसत नाही, खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. त्यामुळे मधला गाभा वाडग्यात राहिला की ताण तिथेच येतो आणि चीर पडते. तुमच्या वर्णनावरून गाभा बुडात राहिलाय असं वाटतंय. ओंडका आधी गाभ्यातून उभा चिरा, दोन अर्ध्या फाका करा, गाभ्याच्या आजूबाजूचा पट्टा काढूनच टाका, मग वाडगा कातायला घ्या.

आणि एका दमात फायनल जाडी गाठू नका! पहिल्यांदा जाड ठेवायचं, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत, म्हणजे ३० सेंमीच्या वाडग्याला ३ सेंमी. मग जिथे तंतू आडवे कापले गेलेत तिथे मेण फासा (पाणी तिथूनच भराभर उडतं), वाडगा कागदी पिशवीत घालून पंख्या-उन्हापासून लांब ठेवून द्या आणि अधूनमधून वजन करत राहा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. काही महिने जातात, घाई करणाऱ्याला हा छंद मानवत नाही. तोवर वाडगा लंबगोल झालेला असेल, होऊ दे, म्हणून तर जाडी ठेवली होती, परत लेथवर चढवून गोल करा.

पडलेल्या झाडाचा अजून एक ताप म्हणजे खिळे. घराजवळच्या झाडांवर लोक काय काय ठोकतात आणि झाड ते गिळून बसतं, बाहेरून काही दिसत नाही. कापल्यावर निळसर काळा डाग दिसला तर बहुतेक आत लोखंड आहे, थांबा, मेटल डिटेक्टर फिरवा, नाहीतर गाऊजची (लेथवर कातायच्या पन्हळी छिन्नीची) धार गेलीच म्हणून समजा. झाड कोणतं ते पण आधी विचारून घ्या, कण्हेर विषारी असते, तिचं भांडं नकोच. धूळ कुठल्याही लाकडाची असो, मास्क आणि फेस शील्ड लावाच.

शेवटी वाडग्याला लावायच्या तेलाचं म्हणाल तर जेवणाच्या भांड्याला साधं जवसाचं चालतं, सुकायला वेळ घेतं पण चालतं. दुकानातल्या ‘बॉइल्ड’ तेलात लवकर सुकावं म्हणून धातूची रसायनं असू शकतात, लेबल बघा. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून मात्र टाकू नका, सुकताना आत उष्णता साठून तो आपोआप पेटू शकतो, एकेक चिंधी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.