'अकिरा' खरंच सेकंदाला २४ चित्रांवर चालतो का?

प्रश्न असा होता: 'अकिरा' (१९८८) या जपानी ॲनिमेशनपटामध्ये सेकंदाला २४ चित्रं आहेत, म्हणून तो टीव्हीवरच्या ॲनिमेपेक्षा इतका जिवंत वाटतो का? आणि घरी कागदावर दोन-तीन सेकंदांचं काही करायचं असेल, तर तसंच करावं का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे. आधी हिशोब मांडू. चित्रपट १२४ मिनिटांचा, म्हणजे ७,४४० सेकंद, म्हणजे १,७८,५६० फ्रेम. रंगवलेले सेल, म्हणजे ज्यांवर चित्र रंगवतात ते पारदर्शक पत्रे, साधारण १,६०,००० असल्याचं सांगितलं जातं. त्यात एका फ्रेमखाली बहुतेकदा एकाहून जास्त सेल असतात: एका थरावर मागचा माणूस, दुसऱ्यावर पुढचा, तिसऱ्यावर धूर. सगळे थर प्रत्येक फ्रेमला बदलले असते, तर हा आकडा कितीतरी पटींनी वाढला असता. म्हणजे बरीच चित्रं दोन, तीन किंवा अधिक फ्रेम पडद्यावर थांबतात. दिग्दर्शक ओतोमो कात्सुहिरो आणि ॲनिमेशन दिग्दर्शक नाकामुरा ताकाशी यांच्या चमूची कमाल, माझ्या मते, चित्रं नेमकी कुठे खर्च करायची हे ओळखण्यात आहे.

एक चित्र तीन फ्रेम धरलं तर सेकंदाला ८ चित्रं लागतात, दोन फ्रेम धरलं तर १२, एकच धरलं तर २४. जपानी टीव्ही मालिका मुख्यतः 'तीनवर', म्हणजे एक चित्र तीन फ्रेम धरून, चालतात. मुरलेला ॲनिमेटर एकाच शॉटमध्ये तिन्ही मिसळतो. समजा कोणी दार ढकलतोय. अंग मागे घेताना चित्रं जवळजवळ आणि तीनवर, झेप घेताना दोन-तीनच चित्रं, लांब अंतरावर आणि एकवर, धक्क्यानंतर पुन्हा दोनवर. हेच सगळं सरसकट एकवर समान अंतराने काढलं तर मेहनत दुप्पट होते आणि माणूस पाण्यात तरंगल्यासारखा दिसतो, कारण वजन जाणवतं ते अंतरातल्या फरकामुळे.

एकवर काढावंच लागतं अशी जागा म्हणजे माणसाबरोबर सरकणारा कॅमेरा. पार्श्वभूमी प्रत्येक फ्रेमला सरकते. जमिनीवर टेकलेलं पाऊल दोनवर काढलं असेल, तर एक फ्रेम ते जमिनीबरोबर असतं आणि पुढच्या फ्रेमला जमीन त्याच्याखालून निसटते. डोळ्याला ते थरथरणं लगेच कळतं. उपाय दोनच: पाऊल एकवर काढा, नाहीतर पार्श्वभूमीही दोनवर सरकवा. दुसरा स्वस्त आहे, पण जलद सरकवलं की झटके दिसतात.

तोंडाची हालचाल हा 'अकिरा'चा वेगळा खर्च. एरवी जपानमध्ये चित्रं आधी होतात, आवाज नंतर भरतात आणि बंद, अर्धं, उघडं अशा तीन तोंडांवर काम भागवतात. इथे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि ओठ त्या उच्चारांप्रमाणे काढले. जपानी आवाजाच्या आवृत्तीत संभाषणाचा एखादा जवळचा शॉट थांबवून पाहा, स्वरागणिक जबड्याचा आकार बदलतो. डब केलेल्या आवृत्तीत हे काम वाया जातं, म्हणून मूळ आवाजातच बघा.

रंगांचं सांगायचं तर ३२७ छटा वापरल्या आणि त्यातल्या ५० खास या चित्रपटासाठी तयार केल्या, असं नोंदलेलं आहे. सेलच्या रंगात छटा सेलवर मिसळता येत नाही. उजेडातली त्वचा एक बाटली, सावलीतली दुसरी, निऑनखालची तिसरी. रात्रीचे प्रसंग टाळण्याकडे कल असायचा तो यामुळेच, आणि इथे तर बरीचशी कथा रात्री घडते. शिवाय सेल पूर्ण पारदर्शक नसतो. वर दोन सेल ठेवले की खालचा रंग किंचित मंदावतो. शॉटच्या मध्येच थरांची संख्या बदलली तर चेहऱ्याचा रंग उडी मारतो, म्हणून कोरे सेल ठेवून संख्या कायम राखत.

मोटरसायकलींच्या मागच्या दिव्यांसारखी चमक नुसत्या रंगाने येत नाही. त्यासाठी फिल्म दोनदा उजेडाला द्यावी लागते. पहिल्या वेळी नेहमीचं चित्रण, दिव्याची जागा काळी. मग फिल्म तेवढीच मागे घ्यायची, काळ्या आच्छादनात फक्त दिव्याचा आकार उघडा ठेवायचा आणि खालून रंगीत काचेतून प्रकाश सोडायचा. आच्छादन केसभर सरकलं तर चमक दिव्यापासून सुटून हवेत तरंगते. उजेड जास्त झाला तर लाल रंग पांढरा पडतो. गाडी पुढे गेल्यावर मागे रेंगाळणारी लाल रेघसुद्धा दर चित्रात नव्याने काढून बारीक करत न्यावी लागते. आज संगणकावर हे एका थराचं काम आहे, तरी त्या रेघेचं पातळ होत जाणं हाताने काढलेलंच जास्त पटतं.

आता तुमचा प्रयोग. आधी डोकं वळवून पाहा: १२ फ्रेम, दोनवर, म्हणजे सहा चित्रं. सगळ्यांची हमखास चूक म्हणजे समोरचा चेहरा आणि बाजूचा चेहरा यांच्या रेघांच्या बरोब्बर मधून रेघ ओढणं. मग मधल्या चित्रात चेहरा आक्रसतो. मधलं चित्र स्वतंत्र बांधा: हनुवटी थोडी खाली, नाक सरळ रेषेऐवजी कमानीवरून, डोळे बाकी चेहऱ्याच्या एक चित्र पुढे. पहिल्या आणि शेवटच्या चित्रांजवळ अंतर कमी ठेवा, मध्ये जास्त. ते जमलं की चालणं घ्या: २४ फ्रेममध्ये दोन पावलं, दोनवर १२ चित्रं, कॅमेरा स्थिर. सरकता कॅमेरा त्यानंतर.

कागदाला टोकाला छिद्रं पाडून खुंट्यांवर बसवा. नुसते कोपरे जुळवले तर प्रत्येक चित्र हलतं आणि दोष रेघेचा वाटतो. स्कॅन करून ओपनटून्झ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा. ते फुकट आहे, २०१६ पासून मुक्त स्रोत आहे, जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओने वापरलेल्या टून्झवरून आलेलं आहे आणि कोणतं चित्र किती फ्रेम धरायचं हे मांडायला त्यात उभा टायमिंग तक्ता मिळतो.

चित्रपट फ्रेमगणिक पाहायचा तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' ही कळ दाबा. त्यासाठी २४ फ्रेमची ब्लू-रे घ्या. एनटीएससी (अमेरिका-जपानच्या जुन्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी ३० फ्रेमच्या हिशोबाने चालते, तिच्यात काही फ्रेम पुन्हा येतात, आणि मग दोनवरचं चित्र कधीकधी तीनवर मोजलं जातं.