रशियन विद्यापीठातल्या लेखकाचा पेपर रिव्ह्यूला आलाय. युद्धामुळे नकार द्यावा का?

तुमची अडचण अशी दिसते: मटेरिअल सायन्सच्या एका परदेशी नियतकालिकाने रशियातल्या सरकारी विद्यापीठातला पेपर तुम्हाला पुण्यात रिव्ह्यूसाठी (छापण्याआधी तपासायला) पाठवलाय, विभागातले सहकारी म्हणताहेत "बहिष्कार टाका", आणि वर युक्रेनियन संशोधकांसाठी आपण काय करू शकतो हाही तुमचा प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रिव्ह्यू करा. बहिष्कार घालायचाच असेल तर तो लेटरहेडवर, म्हणजे संस्थेवर घाला, लेखकावर नको.

४ मार्च २०२२ ला रशियन रेक्टर संघाने, म्हणजे कुलगुरूंच्या संघटनेने, युक्रेनवरच्या युद्धाला पाठिंबा देणारं निवेदन काढलं. युरोपियन युनिव्हर्सिटी असोसिएशनने मग ज्या १२ सदस्य विद्यापीठांच्या प्रमुखांची त्यावर सही होती त्यांचं सदस्यत्व स्थगित केलं. कृती ठरावीक, कारण नोंदवलेलं. दुसरीकडे, हल्ल्याच्या दिवशीच, २४ फेब्रुवारीला, रशियन शास्त्रज्ञ आणि विज्ञान पत्रकारांनी युद्धाविरुद्ध खुलं पत्र काढलं होतं आणि पुढे त्यावर हजारोंनी सह्या केल्या. कुलगुरू एक बोलत होते, त्यांच्याच प्रयोगशाळेतली माणसं दुसरं.

म्हणून "आधी युद्धाचा निषेध कर, मग पेपर वाचतो" ही अट तर अजिबात घालू नका. त्याच ४ मार्चला रशियात सैन्याबद्दल "खोटी माहिती" पसरवण्याबद्दल १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा झाला. तुम्हाला पुण्यात बसून एक ओळ हवी असते. तिकडे त्या ओळीवर खटला भरतो.

माणसांवर घातलेला बहिष्कार कुठे जातो याचं जुनं उदाहरण आहे. २००२ मध्ये मँचेस्टरहून चालणाऱ्या भाषांतर-अभ्यासाच्या दोन नियतकालिकांच्या मंडळांवरून दोन इस्रायली अभ्यासकांना काढलं. त्यातल्या एक बाई अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या इस्रायल शाखेच्या माजी अध्यक्ष होत्या! धोरण इस्रायली सरकारचं, आणि घाव बसला त्या सरकारवर टीका करणाऱ्यांवर.

लेटरहेड आणि माणूस वेगळे करणं बोलायला सोपं आहे, प्रत्यक्षात किती किचकट होतं ते सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपियन कणभौतिकी प्रयोगशाळेत दिसलं. मार्च २०२२ पासून तिथल्या एलएचसी या महाकाय कणत्वरकावरच्या प्रयोगांचे पेपर अडकले. अ‍ॅटलास, सीएमएस या तिथल्या प्रयोगगटांच्या एकेका पेपरवर हजारोंनी नावं असतात. रशियन संस्थांची नावं छापू नयेत असा युक्रेनियन आणि इतर काही सहकाऱ्यांचा आग्रह. माणसंच गाळायला बाकीच्यांचा नकार. मग प्रीप्रिंट (छपाईआधीचा मसुदा) ऑनलाइन चढायचा, पण लेखकांच्या जागी फक्त गटाचं नाव, आणि नियतकालिकातली छपाई लांबणीवर. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे लोक सीएमएसमध्ये आहेत, म्हणजे ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही त्यांच्याही यादीतले पेपर तसेच लटकले. २०२३ मध्ये तोडगा निघाला: रशिया आणि बेलारूसमधल्या संशोधकाचं नाव आणि ऑर्किड (ORCID) हा त्याचा ओळख क्रमांक राहील, संस्थेच्या जागी मात्र "सर्नशी सहकार्य करार असलेल्या संस्थेशी संलग्न" एवढंच. श्रेय माणसाला मिळालं, संस्थेची जाहिरात टळली. पुढे ३० नोव्हेंबर २०२४ ला सर्नचा रशियाशी असलेला करारच संपला. रशियातल्याच दुब्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुसंशोधन संस्थेशी असलेला मात्र चालू राहिला, आणि त्यावरून अजून कुरबूर आहे.

आता तुमच्या पेपरचं. रिव्ह्यूचे पैसे मिळत नाहीत आणि भारताने रशियावर निर्बंध घातलेले नाहीत, त्यामुळे रिव्ह्यू करण्यात तुम्हाला सहसा कायद्याची अडचण नाही. प्रकाशकाला असू शकते. लेखकाची संस्था मॉस्कोतलं स्कोल्टेक विद्यापीठ किंवा मॉस्कोची फिजिक्स-टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट असेल (त्या अमेरिकेच्या निर्बंधांच्या याद्यांत आहेत), तर संपादकाला एका ओळीत विचारा, "संस्थेची तपासणी झाली आहे ना?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. स्वतः निर्णय देऊ नका. प्रकाशक घाबरून अती करतात. २०१९ च्या मे महिन्यात आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने अमेरिकेच्या यादीत आलेल्या हुआवे या चिनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना रिव्ह्यूतून वगळलं आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला.

पेपर वाचताना तो ड्रोन, क्षेपणास्त्र किंवा किरणोत्सर्ग सोसणाऱ्या चिप्सकडे झुकतोय असं वाटलं तर संपादकाच्या गोपनीय रकान्यात तसं लिहा. लेखकाशी परस्पर पत्रव्यवहार करून नमुने, सॉफ्टवेअर किंवा डिझाइन पाठवू नका. तिथे आपली स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू-तंत्रज्ञानाची भारतीय यादी, लागू होऊ शकते.

मन मानत नसेल तर दोन दिवसांत नकार कळवा आणि पर्यायी नावं सुचवा. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे होकार देऊन पेपर तीन महिने दाबून ठेवायचा आणि शेवटी "भाषा सुमार" म्हणून फेटाळायचा. तो बहिष्कार नव्हे, लबाडी आहे.

विभागात बहिष्काराचा ठराव करणार असाल तर बहिष्कार कधी उठणार हे त्यातच लिहा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांना १९२० च्या स्ट्रासबुर्ग आणि १९२४ च्या टोरांटो गणित परिषदेतून वगळलं. १९२६ मध्ये बंदी उठली, तर जर्मनच रुसून बसले. १९२८ ला बोलोन्याला जायचं की नाही यावर त्यांच्यात जुंपली आणि अखेर थोर गणिती हिल्बर्ट आजारपणातही शिष्टमंडळ घेऊन गेले.

युक्रेनियनांसाठी बोलावणं धाडण्याआधी एक लक्षात घ्या. मार्शल लॉमुळे १८ ते ६० वयाच्या पुरुषांना सहसा देश सोडता येत नाही (२०२५ मध्ये २२ वर्षांपर्यंतच्या मुलांना सूट मिळाली). त्यामुळे "पुण्याला या" म्हणणारी फेलोशिप बऱ्याच जणांना निरुपयोगी. दूरस्थ सहसंशोधन द्या: तुमच्या मशीनवर त्यांचे नमुने मोजून देणं, संगणकवेळ, सहलेखकत्व, त्यांच्या पीएचडी विद्यार्थ्याला ऑनलाइन सह-मार्गदर्शक. शिवाय जो येतो तो परत जाईलच असं नाही, आणि तिकडच्या विभागाला त्याचीच भीती असू शकते. दूरस्थ कामात वीज जाते, मीटिंग तुटते. तेव्हा बैठक रेकॉर्ड करा, कामाच्या फायली सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि मुदतवाढ त्यांनी मागायच्या आधीच द्या.