स्नोमोबील (बर्फावर चालणारी गाडी) क्लबमध्ये नवीन आहेस? आधी एवढंच बघ

अरे वा, मिनेसोटात येऊन थेट ट्रेलच्या, म्हणजे स्नोमोबीलच्या बर्फातल्या रस्त्यांच्या, कामाला हात घालतोयस, मस्तच! पण मशीनच्या आधी माणसं सांभाळ.

- जमीनमालक सगळ्यात महत्त्वाचे. ट्रेलचा बराच भाग शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जातो आणि एकजण जरी नाही म्हणाला तरी आख्खा रस्ता तुटतो, म्हणून पीक निघालं की प्रत्येकाला स्वतः जाऊन भेट, कुठलं गेट बंद ठेवायचं ते विचार, आणि सीझन संपला की पाट्या-खांब लगेच काढ, नाहीतर पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरखाली येतात. नवीन लोक हेच विसरतात!
- ग्रूमिंग, म्हणजे ट्रेलवरचा बर्फ सपाट करून दाबणं, रात्री. बर्फ घट्ट बसायला थंडी आणि काही तास लागतात, दिवसा केलं तर गाड्या लगेच उखडून टाकतात. आणि हळू चालव, वेगात ड्रॅग (ग्रूमर मशीनमागचं बर्फ सपाट करणारं अवजार) ओढला की उंचवटे तसेच राहतात.
- ट्रेल 1 डिसेंबरला उघडतात, पण केवळ तारीख आली म्हणून पुरेसा बर्फ नसताना ग्रूमर काढू नकोस.
- चेनसॉ घेऊन एकट्याने जंगलात अजिबात जायचं नाही.

ग्रँटचे (अनुदानाचे) फॉर्म, ग्रूमरचं हायड्रॉलिक्स वगैरे पुढच्या वर्षी. यंदा एखाद्या जुन्या ऑपरेटरशेजारी ग्रूमरच्या केबिनमध्ये बस आणि बघत राहा, खूप शिकशील.