स्टेडियम आलं तर बाजार चालेल का?

प्रश्न: नमस्कार. म्हापशात आमचं कपड्याचं दुकान आहे, बाबांच्या वेळेपासूनचं. हल्ली गिऱ्हाईक एकतर मॉलला जातं नाहीतर मोबाइलवर मागवतं. भाचा अमेरिकेत बाल्टिमोरला असतो, तो म्हणतो तिथं शहराच्या मधोमध बेसबॉलचं स्टेडियम बांधलं आणि आजूबाजूचा सगळा भाग बदलला. आपल्याकडे क्रिकेट स्टेडियमचा विषय निघाला की जागा मात्र गावाबाहेर बघतात. ते बाजाराजवळ झालं तर आमचा धंदा वाढेल का? तसं असेल तर आत्ताच जवळपास एक गाळा घेऊन ठेवावा म्हणतो.
– एक दुकानदार, म्हापसा

उत्तर: गाळा घेऊ नका, निदान स्टेडियमच्या भरवशावर तरी नको.

तुमचा भाचा खोटं बोलत नाही. बाल्टिमोरचं कॅम्डेन यार्ड्स १९९२ साली उघडलं आणि ते खरंच देखणं आहे, पण शेजारचा बंदराचा भाग त्याच्या आधीच, १९८० च्या सुमाराला नवा करून झाला होता, म्हणजे माणसं तिथं फिरायला येतच होती, स्टेडियम नंतर आलं. शिवाय बेसबॉलची टीम एका सीझनमध्ये घरच्या मैदानावर ८१ मॅच खेळते. आपल्या एफसी गोवा या फुटबॉल टीमच्या घरच्या मॅच मोजा, दहा-बारा झाल्या तरी खूप. आणि इंटरनॅशनल क्रिकेट म्हणाल तर वर्षाला एखादी मॅच मिळाली तरी आपण पेढे वाटू.

आता फातोर्ड्याचं फुटबॉल स्टेडियमच बघा ना, ते १९८९ पासून आहे आणि मडगावच्या बाजारापासून काही लांब नाही. मॅच साडेसातला सुरू होते, लोक सहा-साडेसहाला बाइकवरून येतात, पार्किंग शोधण्यातच अर्धा जीव जातो, मग बाहेरच्या गाड्यावर रस-ऑमलेट नाहीतर भजी-पाव खाल्ला की सरळ आत. मॅच सुटते साडेनऊच्या पुढे. तोवर बाजारातली शटरं कधीच खाली आलेली असतात, आपण दुपारची झोप सोडत नाही आणि रात्री आठनंतर दुकान उघडं ठेवत नाही (आणि का ठेवावं, चूक काहीच नाही). मग साडी घ्यायला थांबणार कोण? फायदा होतो तो ऑमलेटवाल्याला, बारला, थोडाफार रिक्षावाल्यांना आणि पायलटना (म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना). मॅचच्या दिवशी रोजचं गिऱ्हाईक उलट ट्रॅफिकच्या भीतीने बाजारात यायचं टाळतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट पैशाची. माणूस तिकिटावर पाचशे घालवतो तेव्हा ते पाचशे आकाशातून पडत नाहीत, त्या आठवड्यात तो हॉटेलात नाहीतर सिनेमाला गेला नाही इतकंच. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेसाठी अमेरिकेतल्या स्टेडियमचा अभ्यास केला तेव्हा हेच निघालं की सरकारी पैसा घातला तेवढा परत येत नाही. सिॲटलला तर किंगडोम नावाचं स्टेडियम २००० साली सुरुंग लावून पाडलं आणि त्याचं कर्ज लोक २०१५ पर्यंत फेडत होते.

बाहेरचा माणूस आला तर गोष्ट वेगळी, हे मान्य. २०२२ ला आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची फायनल फातोर्ड्याला झाली तेव्हा केरळहून आपल्या टीमचे पिवळे शर्ट घालून लोकांचे लोंढे आले, हॉटेलं, खाणावळी भरल्या. पण ती एक रात्र. त्याच्याआधी कोविडमध्ये जवळजवळ दोन सीझन आख्खी लीग गोव्यात झाली, प्रेक्षकांशिवाय, तेव्हा मॅचेसचा ढीग होता आणि बाजाराला त्यातून काय मिळालं ते तुम्हीच सांगा. डिसेंबरचा टुरिस्ट तर तसाही येणारच असतो, मॅच असो नसो.

खेळाला स्टेडियम हवंच, पोरांना खेळायला चांगली जागा पाहिजे, त्यासाठी सरकारने खर्च करावा यालाही माझी ना नाही. फक्त बाजार वाचवायचं काम त्याच्या गळ्यात मारू नका. तुमच्याकडे शुक्रवारचा बाजार आहे, वर्षाला ५२ वेळा भरतो, आणि बार्देश तालुक्यातला माणूस पिशवी घेऊन, काहीतरी विकत घ्यायचंच म्हणून येतो. असं गिऱ्हाईक कुठलं स्टेडियम देईल? त्या दिवशी पार्किंग, टॉयलेट आणि संध्याकाळची शेवटची बस यावर दुकानदारांनी मिळून नगरपालिकेच्या मागे लागलात तर ते जास्त कामाचं.

गाळा घ्यायचाच असेल तर शुक्रवारी जिथून पायी गर्दी जाते त्या रस्त्यावर बघा, भाडं जास्त पडेल. आणि स्टेडियम खरंच जवळ झालं, तर तेव्हा चहा-भजीचा काउंटर टाका, साड्यांचा नको.