दिरांचा बोनस माझ्या पॉलिसीत आला, आता काय करू?

प्रश्न : थोरल्या दिरांनी नवी कार घेतली तेव्हा त्यांची जुनी कार मी रीतसर पैसे देऊन घेतली. आरसी माझ्या नावावर झाली. विमा संपत आला तेव्हा पुतण्याने मोबाइलवरून माझ्या नावाने पॉलिसी काढली. ‘गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का?’ या प्रश्नावर आम्ही ‘नाही’ असं उत्तर दिलं, कारण खरंच घेतला नव्हता. पॉलिसीत ३५% नो क्लेम बोनस लागला. चार महिन्यांनी, म्हणजे गेल्या आठवड्यात, ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की हा बोनस मला मिळायलाच नको होता. ओळखीचा एजंट म्हणतो, ‘गप्प बसा, कोण बघतंय!’ कंपनीला कळवलं तर पॉलिसी रद्द होईल का? मी फसवणूक केली असं ठरेल का? गाडीला अजून एक ओरखडाही आलेला नाही.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. गाडीला अजून काही झालेलं नाही, तोवरच ही चूक थोडक्या पैशांत निस्तरते. आजच कंपनीला लेखी कळवा.

आधी चूक नेमकी कुठे झाली ते बघू. नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. ती गाडीला मिळत नाही, गाडीचा विमा ज्याच्या नावावर असतो त्याला मिळते. सलग एक वर्ष क्लेम नसेल तर २०%, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०%, अशी ती चढण आहे. तुमच्या दिरांनी तीन वर्षं क्लेम न घेता ३५% कमावले. गाडी विकली तरी ते त्यांच्याकडेच राहतात, आणि तीन वर्षांच्या आत दुसरी कार घेतली तर ते तिला लावता येतात. ‘घरातलीच तर गाडी’ हा विचार मी समजू शकतो, पण नियमात घर म्हणजे वारसा. विमाधारक वारला आणि गाडी पती, पत्नी, मुलं किंवा आई-वडिलांकडे आली तरच बोनस पुढे जातो. दिरांकडून भावजयीकडे विक्रीने जात नाही. (तुमच्या नावावर स्कूटर असेल आणि तिचा बोनस असेल तर तोही इथे चालणार नाही. दुचाकीचा दुचाकीला, कारचा कारला.)

इथे एक गोष्ट दिरांना आजच विचारा. नव्या कारचा विमा काढताना त्यांनी हाच ३५% बोनस वापरला आहे का? बहुतेक वापरला असेल, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण मग एकच बोनस दोन गाड्यांवर दिसतो आहे. ‘कोण बघतंय’ याचं उत्तर एजंटला माहीत नसलं तरी मला माहीत आहे. क्लेम आला की कंपनी पहिल्यांदा आधीच्या विमा कंपनीकडून बोनसची खात्री करून घेते. ते एका ईमेलचं काम आहे.

आता फसवणुकीचं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये फसवणुकीसाठी फसवण्याचा हेतू लागतो. तो तुमचा नव्हता, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलंत. तुमचा प्रकार कलम १८ मध्ये बसतो : हेतू नसताना झालेलं चुकीचं कथन. पण इथे बरीच माणसं गाफील राहतात. कलम १९ नुसार समोरच्या पक्षाची संमती अशा कथनामुळे मिळालेली असेल तर, हेतू असो वा नसो, तो करार रद्द ठरवण्याचा पर्याय त्याच्या हातात येतो. प्रामाणिकपणामुळे तुमच्यावर फसवणुकीचा ठपका येत नाही, क्लेम मात्र त्याने आपोआप वाचत नाही. शिवाय बोनस घेताना जी घोषणा आपण मान्य करतो (मोबाइलवर एका चौकोनात टिक करून), तिच्यात साफ लिहिलेलं असतं की ही माहिती चुकीची निघाली तर पॉलिसीच्या विभाग १ खालचे सगळे लाभ जप्त होतील. विभाग १ म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान, ज्याला ओन डॅमेज म्हणतात.

आणि ताई, गेल्या आठवड्यापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. उद्या अपघात झाला आणि ‘मला कल्पनाच नव्हती’ असं सांगायची वेळ आली, तर ते वाक्य तुम्हाला खरेपणाने उच्चारता येणार नाही. म्हणून मी आजच म्हणतोय.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे असंच प्रकरण घेऊन आले होते. सेकंडहँड कार, पहिल्या मालकाचा बोनस, पावसाच्या पाण्यात इंजिन गेलेलं. क्लेम नाकारल्याचं पत्र त्यांनी चार घड्या घालून पाकिटात ठेवलं होतं. त्यांनी पॉलिसी उलगडून बोनसच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘एवढ्यासाठी?’ दीड-दोन हजारांची सूट होती, दुरुस्तीचं बिल लाखाच्या वर. आम्ही भांडलो, काही रक्कम मिळाली, पण त्यात दोन वर्षं गेली. ती ओळ त्यांनी आधी वाचली असती तर माझी गरजच पडली नसती.

पॉलिसी रद्द होण्याची भीती सोडून द्या. विमा नियामक आयआरडीएआयने जून २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीला पॉलिसी रद्द करायची तर सिद्ध झालेली फसवणूक हेच कारण चालतं, आणि तेव्हाही किमान ७ दिवसांची नोटीस द्यावी लागते. स्वतःहून चूक सांगणाऱ्या ग्राहकाला ते लागू करणं अवघड आहे. व्यवहारात कंपनी बोनस काढते, फरक मागते आणि एंडोर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद) देते. फरक किती? समजा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम ८,००० रुपये आहे. ३५% म्हणजे २,८०० आणि त्यावर १८% जीएसटी ५०४, एकूण ३,३०४ रुपये. थर्ड पार्टीच्या, म्हणजे तिसऱ्या कुणाच्या नुकसानीसाठीच्या, प्रीमियमवर बोनस नसतोच, त्यामुळे तो बदलणार नाही. उरलेल्या आठ महिन्यांचाच फरक घ्या असा वाद घालू नका. सूट पूर्ण वर्षाची घेतली होती, फरकही पूर्ण वर्षाचा भरा.

पत्र एजंटमार्फत पाठवू नका. पॉलिसीवर नोंदवलेल्या तुमच्या ईमेलवरून थेट कंपनीला लिहा. जुनी पॉलिसी, नवी पॉलिसी आणि दोन्ही बाजूंची आरसी जोडा. मजकूर एवढाच पुरे :

‘माझ्या वरील पॉलिसीत ३५% नो क्लेम बोनस दिलेला आहे. ही कार मी अमुक तारखेला माझ्या दिरांकडून विकत घेतली. हा बोनस त्यांच्या पॉलिसीवरचा होता. पॉलिसी काढताना तो मला लागू होत नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. अमुक तारखेला ते कळलं. या पॉलिसीवर आजपर्यंत कोणताही क्लेम नाही. कृपया बोनस काढून फरकाची रक्कम कळवावी आणि ती भरल्यावर एंडोर्समेंट द्यावं.’

‘पुतण्याने चूक केली’, ‘तुमच्या ॲपने आपोआप बोनस लावला’ असलं काही त्यात घालू नका. पॉलिसी तुमच्या नावावर आहे, आणि जबाबदारी ढकलणारं वाक्य पुढे कधीतरी तुमच्याविरुद्ध वाचलं जातं. दिरांकडून ‘बोनस वहिनींना द्यायला हरकत नाही’ असं लिहून घेण्याच्या भानगडीतही पडू नका, त्याला काही अर्थ नाही. पैसे कंपनीने पाठवलेल्या लिंकवरच भरा. एंडोर्समेंट आलं की त्यात बोनस ० आहे, तुमचं नाव, गाडीचा नंबर, इंजिन आणि चॅसिस नंबर आरसीप्रमाणे आहेत, एवढं जुळवून बघा. एक चूक सुधारताना दुसरी शिरलेली मी पाहिली आहे.

उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर. महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो, त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. पण इतकं ताणलं जाईल असं मला वाटत नाही.

एंडोर्समेंट हातात येण्याआधीच अपघात झाला तर? क्लेम लगेच कळवा आणि तुमचा ईमेल तारखेसह जोडा. तेव्हा दोन मुद्दे तुमच्या बाजूने असतील. मोटार टॅरिफ या मोटार विम्याच्या जुन्या नियमावलीतला जनरल रेग्युलेशन २७ हा नियम सांगत आला आहे की घोषणेवर विसंबून बोनस दिला असेल तर कंपनीने २१ दिवसांच्या आत आधीच्या कंपनीला लिहून खात्री करून घ्यायला हवी. ती बहुतेक वेळा केलेली नसते. दुसरा मुद्दा, पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी क्लेम पूर्ण न फेटाळता ७५% पर्यंत रक्कम द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात मान्य केलं होतं. ते प्रकरण खासगी गाडी भाड्याने दिल्याचं होतं, बोनसचं नव्हतं, म्हणून त्यावर डोळे मिटून विसंबू नका. तुमच्या गाडीमुळे तिसऱ्या कुणाला इजा झाली, तर ती भरपाई पॉलिसीच्या विभाग २ मध्ये येते आणि बोनसच्या घोषणेतली जप्ती त्या विभागाला लागत नाही. ती काळजी मनातून काढा.

फरक भरला की ही पॉलिसी खऱ्या अर्थाने तुमची. हे वर्ष क्लेमशिवाय गेलं तर पुढच्या नूतनीकरणाला २०% बोनस मिळेल. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलंत तर तो टिकेल, आणि तो तुमच्या स्वतःच्या नावावरचा असेल.