चौदा महिन्यांत आठ कार्डं, आणि आता बोनस मिळेना

प्रश्न असा: वय 33, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या कंपनीत नोकरी, हातात 68,000 पगार. 2017 चं एक जुनं क्रेडिट कार्ड होतं, गेल्या चौदा महिन्यांत आणखी आठ घेतली. सुरुवातीला वेलकम बोनस (नवं कार्ड घेऊन ठरावीक खर्च केल्यावर बँक देते ती भेट) मिळत गेला. आता एका बँकेने खर्चाची अट पुरी करूनही व्हाउचर दिलं नाही, दुसरीने ‘आपण पात्र नाही’ असं कळवलं, तिसरीने अर्जच फेटाळला. पाच कार्डं बंद करून सहा महिन्यांनी तीच पुन्हा घ्यावीत का? की पत्नीच्या नावाने सुरुवात करावी? पुढच्या पाडव्याला कळंब्याकडे फ्लॅट बुक करायचा आहे, 35 लाखांचं कर्ज लागेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी, जाता जाता आलं आहे: 35 लाखांचं कर्ज. पाच कार्डं बंद करून पुन्हा घेण्याचा बेत सोडून द्या. कर्जाची रक्कम हातात पडेपर्यंत एकही नवा अर्ज नको. पण तुम्हाला तिन्ही नकार एकाच माळेचे मणी वाटतात, तसे ते नाहीत, म्हणून आधी ते वेगळे करू.

पहिलं व्हाउचर. अट होती 60 दिवसांत 60,000 खर्च. तुमचा आकडा 63,400. तुम्हीच जोडलेल्या अटींच्या पीडीएफमध्ये पेट्रोल, वीजबिल आणि विमा हप्ता खर्चात धरणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या स्टेटमेंटमध्ये पेट्रोल 5,200, महावितरण 3,100, विमा 9,800, शिवाय परत केलेले 2,499 चे बूट. हे वजा केल्यावर उरतात 42,801. म्हणजे बँकेच्या हिशोबाने तुम्ही अटीपासून 17 हजार लांब राहिलात. इथे भांडण्यात अर्थ नाही.

खर्च कुठल्या सदरात पडतो हे तुम्ही काय विकत घेतलं यावर नाही, दुकानदाराच्या मशीनला दिलेल्या चार आकडी कोडवर ठरतं. पेट्रोल पंप 5541 किंवा 5542, वीज-पाणी 4900, विमा 6300, सराफ 5944, वॉलेट भरणं 6540. गुजरीतल्या सराफी पेढीवर केलेली खरेदी 5944 मध्ये जाते आणि काही कार्डांवर दागिने बाद असतात. उलटही घडतं: लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या व्यापाऱ्याने मशीन दुसऱ्याच धंद्याच्या नावावर घेतलेलं असलं, तर तुमचा साधा किराणा भलत्याच खात्यात जमा होतो. रुपे कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर स्कॅन केलेला खर्चही बऱ्याच कार्डांवर बोनसच्या अटीत धरत नाहीत, किंवा त्यावर गुण (रिवॉर्ड पॉइंट) कमी देतात. आणखी एक चकवा तारखेचा. 60 दिवस बहुधा कार्ड खातं उघडल्यापासून मोजतात, कुरिअरवाला दारात आल्यापासून नाही. तिथेच आठवडा जातो. शनिवारी स्वाइप केलेली रक्कम खात्यात सोमवार-मंगळवारी पक्की होते, आणि काही बँका तीच तारीख धरतात. म्हणून अट 60,000 ची असेल तर चालणारा खर्च 65,000 पर्यंत न्यावा आणि तो मुदतीच्या आठवडाभर आधीच पुरा करावा. मात्र त्यासाठी जास्तीची खरेदी करणार असाल, तर तो बोनस नव्हे, सवलतीत घेतलेली अनावश्यक वस्तू.

दुसरा नकार: ‘आपण पात्र नाही.’ याच बँकेचं कार्ड तुम्ही पाच महिन्यांपूर्वी बंद केलं होतं, आणि या ऑफरची अट आहे की मागच्या बारा महिन्यांत त्या बँकेचं कोणतंही कार्ड नसावं. वेलकम बोनस हा बँकेचा नवीन गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च असतो. जुनंच गिऱ्हाईक नव्या दाराने आलं तर तो खर्च कशाला करायचा, असा बँकेचा साधा विचार. ‘बंद करा, थांबा, पुन्हा घ्या’ हा तुमचा बेत इथेच अडकतो. थांबण्याचा काळ बँकेगणिक आणि ऑफरगणिक वेगळा असतो, आणि तो मध्येच बदललाही जातो. आज सहा महिन्यांचा हिशोब मांडून बंद केलेल्या कार्डावर सहा महिन्यांनी बारा महिन्यांची अट लागली, तर तुम्ही दाद कुठे मागणार?

तुम्ही व्हिडिओत ऐकलेला ‘पाच-चोवीस’चा नियम अमेरिकेतला आहे. तिथे चेस ही बँक गेल्या 24 महिन्यांत पाच किंवा जास्त कार्डं उघडणाऱ्याला सहसा नवं कार्ड देत नाही. एका कार्डाचा बोनस आयुष्यात एकदाच, ही अटही त्या व्हिडिओवाल्यांनी अमेरिकन एक्स्प्रेसच्या तिथल्या कार्डांवरून उचललेली. आपल्याकडच्या अर्जांना हे आडाखे लावू नका. इथे समोर असलेल्या ऑफरच्या अटी वाचायच्या, आणि अर्ज करण्याच्या दिवशीच त्यांचा स्क्रीनशॉट व पीडीएफ ठेवायचं. कार्ड विकणाऱ्या एजंटने फोनवर दिलेला शब्द नंतर कुणी धरत नाही.

तिसरा नकार, म्हणजे फेटाळलेला अर्ज, हा मला खरा गंभीर वाटतो. बँकेने ‘अंतर्गत धोरण’ एवढंच लिहिलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार अर्ज नाकारण्याची नेमकी कारणं लेखी कळवणं बंधनकारक आहे. त्याचा उल्लेख करून ईमेल पाठवा. कार्ड मिळावं म्हणून नव्हे. तेच कारण उद्या गृहकर्जाच्या टेबलावर येणार आहे, ते आधी कळलेलं बरं.

माझा अंदाज सांगतो. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या कर्जांची, कार्डांची आणि परतफेडीची नोंद) मागवते आणि ती चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. आठ मंजूर, एक नामंजूर, म्हणजे चौदा महिन्यांत किमान नऊ चौकश्या. वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाला पैशाची निकड आहे. शिवाय 2017 च्या कार्डामुळे तुमच्या खात्यांचं सरासरी वय चांगलं होतं, ते आठ नव्या कार्डांनी एकदम खाली ओढलं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने क्रेडिट स्कोअर (त्या नोंदींवरून ठरणारा गुणांक) घटत नाही. त्यात चूक दिसली तर लगेच तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे.

आता पैशांकडे. तुमच्या यादीत आठ कार्डांची कमाई 21,000 दाखवली आहे. मी ती पुन्हा मांडली. 9,000 ची खरेदी व्हाउचर्स तुम्ही खरोखर वापरलीत, ती पूर्ण धरू. 5,000 चं हॉटेलचं व्हाउचर तसंच पडून आहे, ते शून्य. उरलेले 7,000 गुण तुम्ही रुपयाला एक असे मोजलेत, पण बिलात वळते करताना त्या कार्डावर गुणाला 25 पैसेच मिळतात. म्हणजे 1,750. एकूण 10,750. पाच कार्डांची जॉइनिंग फी 8,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,530, मिळून 10,030. शिल्लक 720 रुपये. चौदा महिन्यांचा हा नाद, नऊ बिलांच्या तारखा सांभाळणं, आणि हातात 720. विमानाच्या तिकिटासाठी त्या गुणांचा भाव जास्त मिळाला असता हे कबूल, पण तुम्ही वर्षातून किती वेळा विमानात बसता? आणि नूतनीकरणाची फी माफ करून घेता आली नाही, तर दुसऱ्या वर्षी तेच 10,030 पुन्हा जातील, बोनसशिवाय.

याच्या शेजारी गृहकर्ज ठेवा. बऱ्याच बँका स्कोअर पाहून व्याजदर ठरवतात. 35 लाख, 20 वर्षं, 8.5 टक्के दराने हप्ता सुमारे 30,374 येतो, 8.75 टक्क्यांनी सुमारे 30,930. महिन्याला 556 चा फरक, मुदतभरात 1 लाख 33 हजारांवर. पाव टक्क्याचा हा हिशोब झाला. कर्जच कमी मंजूर झालं तर फ्लॅटच हातचा जातो.

मग सगळी जादा कार्डं आजच बंद करावीत? तेही नको. तुमची एकूण मर्यादा 7,20,000 आणि महिन्याचा कार्ड खर्च 95,000, म्हणजे वापर 13 टक्के. बंद करायच्या पाच कार्डांची मर्यादा 4,60,000 आहे. ती गेली की उरलेल्या 2,60,000 वर तेच 95,000 साडेछत्तीस टक्के होतात. 30 टक्क्यांच्या वरचा वापर कर्ज देणाऱ्याला खुपतो. त्यात दोन कार्डं एकाच बँकेची असतील आणि मर्यादा सामाईक असेल, तर त्यातलं एक बंद केल्याने काहीच घटत नाही. ते आधी काढा. 2017 चं कार्ड मात्र कुठल्याही परिस्थितीत राहू दे, फी असली तरी.

माझ्या मते क्रम असा असावा. बिनफीची कार्डं ठेवा. फीच्या पाचपैकी ज्यांची फी खर्चाच्या अटीवर माफ होणार नाही, ती नूतनीकरणाच्या महिन्याआधी एकेक करून बंद करा. आणि पाडव्याच्या आधी तीन महिने काहीच हलवू नका. त्या तीन महिन्यांत बिल तयार व्हायच्या आधीच बहुतेक रक्कम भरून टाका, कारण रिपोर्टमध्ये सहसा बिलावरची थकबाकी दिसते, मग ती तुम्ही नंतर वेळेवर भरलीत तरी. काही बँका कर्जाची पात्रता काढताना कार्डावरच्या थकबाकीचे 5 टक्के तुमचा मासिक हप्ता समजून वजा करतात.

कार्ड बंद करणं म्हणजे कात्रीने कापणं नव्हे. कापलेल्या कार्डावरही वार्षिक फी पडते, ती थकते आणि रिपोर्ट बिघडतो. आधी गुण वापरा. बंद झाल्यावर ते बहुधा बुडतात. मोबाइल, ओटीटी, विमा यांचे आपोआप जाणारे हप्ते दुसरीकडे वळवा. कार्डावर ईएमआय चालू असेल तर तो आधी मिटवावा लागतो, त्याला फोरक्लोजर (मुदतीआधी फेडण्याचं) शुल्क पडू शकतं. बिलात न आलेल्या रकमेसह सगळं भरा, मग अ‍ॅप, हेल्पलाइन किंवा ईमेलने विनंती करून क्रमांक घ्या. देणं शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालंच पाहिजे. त्यापुढे दिवसाला 500 रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. दीड महिन्याने रिपोर्ट उघडून ‘बंद’ अशी नोंद आली का ते पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

95,000 पैकी बराच खर्च शाहूपुरीतल्या भावाच्या दुकानाचा माल आहे, असं तुम्ही लिहिलंत. हे थांबवा. वैयक्तिक कार्ड धंद्याला वापरायला बँकांच्या अटींत मनाई असते आणि त्या कारणाने दिलेले गुणही परत घेतले जातात. भावाच्याच मशीनवर कार्ड घासून रोख घेण्याचा मार्ग कुणी सुचवला असेल, तर तो कार्ड गोठवण्याचा हमखास मार्ग आहे. दुसरं म्हणजे एका आर्थिक वर्षात एखाद्या बँकेच्या कार्डांची 10 लाख किंवा जास्त बिलं भरली, तर ती बँक तसं आयकर विभागाला कळवते. आज तुमचा खर्च सहा बँकांत वाटला गेला आहे. कार्डं कमी करून तो एका बँकेत आला की 11 लाख 40 हजार होतात, आणि तुमचा हातातला वार्षिक पगार आहे 8 लाख 16 हजार. गुन्हा नाही, पण विचारणा झाली तर भावाकडून आलेल्या प्रत्येक रकमेची नोंद दाखवावी लागेल. भावाचा खर्च काढला की वापराची टक्केवारीही आपोआप उतरेल आणि कार्डं बंद करणं सोपं होईल.

पत्नीच्या नावाने? पत्नी गृहकर्जात सहअर्जदार असतील तर त्यांचाही रिपोर्ट पाहिला जाणार. स्वतःचं उत्पन्न नसताना अर्जात दाखवणं तर अजिबात नको. त्यांचा क्रेडिट इतिहास तयार करायचा असेल तर त्यांच्या नावाच्या मुदत ठेवीवर मिळणारं एकच कार्ड घ्या, महिन्याला दोन-तीन हजारांचा किराणा त्यावर करा, पूर्ण बिल भरा. तुमच्या कार्डावरचं अ‍ॅड-ऑन (जोड) कार्ड त्यासाठी उपयोगाचं नाही, कारण त्याची जबाबदारी आणि नोंद दोन्ही तुमच्याच नावावर राहते.

बँकेकडे तक्रार करण्यासारखी एकच गोष्ट तुमच्या कागदांत सापडली, आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही. मार्चच्या स्टेटमेंटवर 500 उशीर शुल्क आणि 90 जीएसटी आहे. बिल तुम्ही देय तारखेनंतर दोन दिवसांनी भरलं होतं. थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली तरच उशीर शुल्क लावता येतं आणि तरच ती क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांना कळवता येते. व्याज वेगळं, ते द्यावं लागेल. बँकेला लिहून 590 परत मागा आणि रिपोर्टमध्ये त्या महिन्याची नोंद तपासा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही. कार्ड किंवा बोनस द्यायचा की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून तिथे सहसा बाजूला पडतो. या 590 रुपयांचं तसं होणार नाही.